दुखणं बरगडीचं, नाव लिव्हरचं

ताईला दुखायला लागलं ते संक्रांतीनंतर. उजवीकडे, शेवटच्या बरगडीच्या खाली दोन बोटं. जागा मी इतकी नेमकी सांगते आहे, कारण जो विचारेल त्याला ती तर्जनी तिथेच टेकवून दाखवायची. दोरीवर कपडे टाकायला हात वर गेला की कळ, रात्री कूस बदलली की कळ, खोकला आला की ती जागा तळव्याने दाबून धरायची. जेवणाशी काही संबंध नव्हता. उपाशी असो की पोटभर जेवलेली, दुखणं आपल्या जागी.

पहिले तीन आठवडे ॲसिडिटीच्या गोळ्यांत गेले. मग सोनोग्राफी. सकाळी सातला रिकाम्या पोटी रांगेत, पोटावर ती गार जेली, "श्वास घ्या, धरा, सोडा", "डाव्या कुशीवर वळा", आणि पाच मिनिटांत बाहेर. रिपोर्टच्या शेवटी ठळक अक्षरांत एक ओळ होती: फॅटी लिव्हर, ग्रेड दोन. डॉक्टरांनी ती वाचली आणि म्हणाले, "सापडलं बघा कारण. लिव्हरवर चरबी चढलीय, म्हणून दुखतंय." घरात सगळ्यांचा जीव भांड्यात पडला. तेल-तूप बंद झालं, लिव्हरचं सिरप सुरू झालं. दुखणं आठ महिने तसंच राहिलं. आणि त्या आठ महिन्यांत एकाही डॉक्टरने तिच्या पोटाला हात लावून पाहिलं नाही.

सोनोग्राफीत फॅटी लिव्हर दिसणं आणि बरगडीखाली दुखणं, या दोन गोष्टी एकाच माणसात एकाच वेळी असू शकतात आणि तरीही त्यांचा एकमेकींशी काडीचा संबंध नसू शकतो. आपण मात्र दोघींची गाठ मारून मोकळे होतो. त्या गाठीने दोन्हीकडून नुकसान होतं. दुखण्याचा शोध तिथेच थांबतो आणि चरबीची काळजी दुखेपर्यंतच घेतली जाते. यातलं दुसरं नुकसान मला जास्त मोठं वाटतं, पण सुरुवात पहिल्यापासून करायला हवी.

यकृताच्या आतल्या भागाला वेदना कळवणाऱ्या नसाच नसतात. जवळजवळ दीड किलोचा हा अवयव आतून काय सोसतो ते तो आपल्याला सांगू शकत नाही. वेदना कळते ती त्याच्यावरच्या पातळ आवरणाला. इंग्लंडचे वैद्य फ्रान्सिस ग्लिसन यांनी 1654 साली यकृतावरच्या आपल्या ग्रंथात या आवरणाचं वर्णन केलं, म्हणून ते त्यांच्याच नावाने ओळखलं जातं. यकृत भराभर सुजलं, म्हणजे विषाणूमुळे होणाऱ्या काविळीत किंवा हृदय कमजोर होऊन मागे रक्त तुंबल्यावर, तर हे आवरण ताणलं जातं आणि उजव्या कुशीत बोथट ठणका लागतो. चरबी मात्र वर्षानुवर्षं, थेंबाथेंबाने साठते. इतक्या सावकाश ताणाची आवरण सहसा तक्रार करत नाही. फॅटी लिव्हर असलेल्या काहींना उजवीकडे जड वाटतं, भरून आल्यासारखं वाटतं, हे खरं आहे आणि ते कुणी नाकारू नये. पण तो जडपणा पसरट असतो, तो सगळ्या तळहाताने दाखवावा लागतो. एका बोटाने दाखवता येणारं, हात वर केल्यावर चमकणारं दुखणं वेगळ्या जातीचं.

आता त्या ग्रेडविषयी, कारण ताईसारख्या कितीतरी जणी तो शब्द रात्री उशाशी घेऊन झोपतात. यकृताच्या 5 टक्क्यांहून जास्त पेशींत चरबीचे थेंब असले की त्याला फॅटी लिव्हर म्हणतात. सोनोग्राफीला ही चरबी नीट दिसू लागते ती साधारण 20 ते 30 टक्क्यांच्या पुढे. पडद्यावर यकृत शेजारच्या मूत्रपिंडापेक्षा पांढुरकं दिसतं, आणि ग्रेड म्हणजे तो पांढुरकेपणा किती, याचा पाहणाऱ्याच्या नजरेने केलेला अंदाज. यकृताला सूज किती आहे, ते किती कडक झालं आहे, पोटात का दुखतं, यातल्या कशाचंच उत्तर ग्रेडमध्ये नसतं. प्रश्न दुखण्याचा होता आणि कागद पांढुरकेपणाचं बोलत होता. ते उत्तर आपण दुखण्याच्या खाती मांडलं.

हिशेब करून पाहिला तर ही चूक किती सहज होते ते कळतं. भारतातल्या वेगवेगळ्या अभ्यासांची एकत्र गोळाबेरीज 2022 साली प्रसिद्ध झाली. तिच्यात प्रौढांमधलं फॅटी लिव्हरचं प्रमाण सुमारे 38 टक्के निघालं. दहा माणसांत जवळजवळ चार. म्हणजे पायात काटा मोडलेल्या शंभर जणांची सोनोग्राफी केली तरी तीस-चाळीस जणांचं यकृत पांढुरकं दिसणार. काट्याच्या ठणक्याचं खापर आपण यकृतावर फोडत नाही. बरगडीखालच्या दुखण्याचं फोडतो, कारण यकृत तिथेच राहतं. पण घराशेजारी राहतो म्हणून कुणाला चोर ठरवत नाहीत. पित्ताशयातल्या खड्यांची गत अशीच आहे. बहुतेकांचे खडे आयुष्यभर मुकाट पडून असतात. दुखणं भलतीकडचं असताना ते सोनोग्राफीत दिसतात, पित्ताशय काढलं जातं, आणि टाके सुकल्यावर तीच कळ पुन्हा सुरू होते.

त्या एका वितीच्या जागेत गर्दी तरी किती! खड्यांची खरी कळ बहुधा जेवणानंतर येते, त्यातही तेलकट जेवणानंतर. वाढत जाते, अर्धा तास ते काही तास टिकते, उजव्या खांद्याच्या पात्याकडे सरकते आणि माणसाला स्वस्थ बसू देत नाही. जठराचा किंवा लहान आतड्याच्या सुरुवातीचा व्रण तिथेच जवळ असतो. मोठं आतडं यकृताच्या खाली वळण घेतं, तिथे वायू अडकला की वाटणारा ताण अगदी यकृताचाच वाटतो. मूत्रपिंडाचा खडा पाठीकडून येतो. फुप्फुसाच्या तळाशी न्यूमोनिया झाला तर श्वास घेताना बरगडीखाली टोचतं. नागीण उठण्याआधी दोन-तीन दिवस नुसतीच आग होते, कातडीवर काही दिसत नाही, आणि त्या दिवसांत भलभलत्या तपासण्या होऊन जातात. खालच्या बरगड्यांची टोकं पुढे छातीच्या हाडाला थेट जोडलेली नसतात. त्यांतली एखादी सैल होऊन वरच्या बरगडीखाली सरकते आणि मधली नस चिमटते. पाठीच्या मणक्यातून निघणारं दुखणं पट्ट्यासारखं पुढे येतं. यातल्या बऱ्याच गोष्टी सोनोग्राफीत दिसतच नाहीत, कारण सोनोग्राफी पोटाच्या आत पाहते आणि यातल्या कित्येकांचं घर पोटाच्या भिंतीत, छातीत किंवा पाठीत असतं.

एक गोष्ट मात्र इथेच सांगून टाकते, कारण तिला उशीर चालत नाही. दुखण्याबरोबर थंडी वाजून ताप आला, डोळे पिवळे झाले, शौचाला काळं डांबरासारखं झालं, उलट्या थांबेनात, प्रयत्न न करता वजन उतरू लागलं, किंवा कळ छातीकडे चढून दरदरून घाम फुटला, तर लेख वाचत बसू नका. आपल्याकडे यकृतात पू होण्याचा आजार दुर्मीळ नाही, आणि हृदयविकाराचा झटकाही कधी कधी पोटाच्या वरच्या भागातूनच बोलतो.

ताईचं कोडं सुटलं ते आमच्या माहेरगावी, गणपतीला गेलो होतो तेव्हा. तिथले डॉक्टरकाका आता सत्तरीच्या पुढे आहेत, दवाखाना सकाळचाच उघडतात. त्यांनी फाइल बाजूला ठेवली आणि म्हणाले, "आधी एका बोटाने दाखव." तिने दाखवलं. "आता आडवी हो, हात छातीवर घे." त्या जागेवर त्यांनी बोटाचं टोक टेकवलं, हळूच दाबलं, ताईचा चेहरा आक्रसला. बोट तसंच ठेवून ते म्हणाले, "आता मान उचल. उशी सोड." तिने मान उचलली आणि जोरात ओरडली. मग त्यांनी तिथली कातडी चिमटीत धरली, डावीकडची तशीच चिमटीत धरली. डावीकडे काही नाही, उजवीकडे तिच्या डोळ्यांत पाणी. सगळं मिळून दोन मिनिटं लागली असतील. "हे आतलं नाही गं," ते म्हणाले, "भिंतीतलं आहे."

या तपासणीला कार्नेटची खूण म्हणतात. जॉन कार्नेट नावाच्या अमेरिकन शल्यचिकित्सकाने ती 1926 साली मांडली, म्हणजे सोनोग्राफी येण्याच्या कितीतरी आधी. तिच्यामागचा विचार अगदी सरळ आहे. मान उचलली की पोटाचे स्नायू ताठ होतात, आतल्या अवयवांवर जणू फळी येते. दुखणं आतलं असेल तर दाबल्यावर ते कमी जाणवायला हवं. उलट वाढलं, तर दुखणं त्या फळीतच आहे. पोटाच्या कातडीकडे जाणाऱ्या बारीक नसा स्नायूंतून वाट काढत वर येतात, आणि त्या वाटेवर एखादी आवळली जाते. काकांनी त्या जागी बधिर करण्याचं इंजेक्शन दिलं. दहा मिनिटांनी ताईने बसल्या बसल्या उजवा हात वर केला, मग पुन्हा केला, मग माझ्याकडे पाहिलं. आणखी एक इंजेक्शन तीन आठवड्यांनी लागलं, नंतर नाही.

परतीच्या वाटेवर मला आजीचा शब्द आठवला. असं काही झालं की ती म्हणायची, "उसण भरलीय." वाकताना, घागर उचलताना, पाठीत किंवा बरगडीत अचानक धरतं ती उसण. मीठ तव्यावर गरम करून फडक्यात बांधून ती शेकायची. तिच्या उपायाची तरफदारी मी करत नाही. पण शरीराच्या भिंतीचं दुखणं आणि पोटातलं दुखणं वेगळं, ही जाण त्या शब्दात होती आणि ती आपल्या बोलण्यातून निघून गेली. मग सगळंच "पित्त" झालं, नंतर "गॅस", आता "फॅटी लिव्हर". दर पिढीला एक तयार नाव मिळतं आणि त्या नावाच्या पोटात दहा दुखणी गडप होतात.

डॉक्टरांची बाजू मला कळते. बाहेर चाळीस माणसं ताटकळत बसलेली असतात, आणि रुग्णालाही नावच हवं असतं. "कारण अजून कळलेलं नाही" असं म्हणणाऱ्या डॉक्टरकडे आपण दुसऱ्यांदा जात नाही. हा दोष आपला आहे. "कळलेलं नाही" या उत्तरात शोध जिवंत राहतो. दोन आठवड्यांनी पुन्हा पोट तपासलं जातं, पुन्हा विचारलं जातं. चुकीच्या नावाने तो मरतो. आणि सगळं पाहून झाल्यावरही काही दुखण्यांचं कारण सापडत नाही. त्या माणसाचं दुखणं त्यामुळे खोटं ठरत नाही. त्याला झोप लागेल, काम करता येईल असे उपचार तरीही मिळायलाच हवेत.

आता दुसरं नुकसान. गावाहून आल्यावर ताईने फाइल कपाटात वरच्या फळीवर टाकली. "दुखायचं थांबलं, म्हणजे लिव्हर बरं झालं." तिच्या तर्कात खोट नव्हती. लिव्हरमुळे दुखतं असं तिला सांगितलं होतं, आता दुखत नव्हतं. पोळीवर पुन्हा तूप आलं, संध्याकाळचं चालणं बंद झालं. आणि यकृतातली चरबी तर होती तशीच होती. ती खरी होती, रिपोर्ट खोटा नव्हता. त्याचा अर्थ तेवढा चुकीचा लावला होता.

चरबीचं खरं म्हणणं काय असतं? शरीर इन्सुलिनचं ऐकेनासं झालं आहे, हे. पोटावरच्या चरबीतून मेदाम्लं रक्तात झिरपत राहतात आणि यकृत ती भरून ठेवतं; शिवाय साखर आणि पिठापासून स्वतःही चरबी बनवतं. 2005 साली एका अमेरिकन अभ्यासाने या चरबीचा माग काढला, तेव्हा सुमारे 59 टक्के वाटा रक्तातल्या मेदाम्लांचा, 26 टक्के यकृताने स्वतः बनवलेल्या चरबीचा, आणि थेट जेवणातल्या तेल-तुपाचा फक्त 15 टक्के निघाला. रुग्ण मोजकेच होते, पण आपल्या स्वयंपाकघरासाठी त्यातला इशारा मोलाचा आहे. ताईने पोळीवरचं तूप बंद केलं होतं आणि चार वेळचा गोड चहा, त्याबरोबरची बिस्किटं, उपासाची साबुदाण्याची खिचडी, रात्रीचा वाडगाभर भात तसाच ठेवला होता. कुणी तिला सांगितलंच नव्हतं.

"मी कुठे जाड आहे?" हा प्रश्न आपल्याकडे हमखास येतो, आणि त्याचं उत्तर जगाला पुण्याने दिलं. तिथल्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1993 पासून पुण्याजवळच्या सहा गावांत गरोदर स्त्रिया आणि त्यांच्या बाळांचा अभ्यास केला. तिथली बाळं जन्मतः सरासरी 2.7 किलोची, इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनची 3.5 किलोची. पण आपल्या बारीक बाळांच्या अंगात स्नायू कमी होते, चरबी मात्र त्या मानाने टिकून होती. 2004 साली लॅन्सेट या नियतकालिकात याज्ञिकांनी आपलं आणि लंडनच्या जॉन युडकिन यांचं छायाचित्र शेजारी शेजारी छापलं. दोघांचा बीएमआय सारखाच, 22.3. अंगातली चरबी युडकिन यांच्यात 9.1 टक्के, याज्ञिकांच्यात 21.2. त्या दोन सडपातळ माणसांच्या चित्राइतकं समजावून सांगणारं दुसरं काही मी पाहिलेलं नाही. वजनकाट्यावर विसंबण्यापेक्षा आपण कमरेला टेप लावावा: पुरुषांना 90 सेंटिमीटर, स्त्रियांना 80, याच्या वर गेलं की सावध.

म्हणूनच 2023 साली तज्ज्ञांनी या आजाराचं नावही बदललं आणि त्यात चयापचयाचा बिघाड हा शब्द पुढे आणला. भारत सरकारने 2021 साली मधुमेह, हृदयविकार यांच्या राष्ट्रीय कार्यक्रमात फॅटी लिव्हरचा समावेश केला, तोही याच कारणाने. फॅटी लिव्हरचे रुग्ण सर्वांत जास्त दगावतात ते हृदयविकाराने. ज्यांचं यकृत हळूहळू कडक होत सिऱ्होसिसकडे जातं ते थोडे असतात, पण तेही बराच काळ न दुखता जातात. दुखण्याची वाट पाहणाऱ्याला हा आजार गाठ पडतो तो उशिरा.

काही जण म्हणतात, दुखतंय त्या भीतीने का होईना, माणूस चालायला तर लागतो. मग ती समजूत राहू द्यावी. मी हे अनेकांकडून ऐकलं आहे, चांगल्या डॉक्टरांकडूनही. पण त्या भीतीचं आयुष्य दुखण्याइतकंच. दुखणं थांबलं की चालणं थांबतं, आणि दुखणं थांबलं नाही तर "एवढं चालून काय उपयोग झाला?" म्हणून चालणं थांबतं. दोन्हीकडे यकृताची हारच. वजन 5 टक्के उतरलं की यकृतातली चरबी कमी होऊ लागते, 7 ते 10 टक्के उतरलं की सूजही ओसरू शकते. 62 किलोच्या बाईला हे साधारण सव्वाचार ते सहा किलो. ते काम वर्षभराचं आहे, आणि वर्षभर टिकायला खरं कारण माहीत असावं लागतं. सिरपांनी ते होत नाही. "आयुर्वेदिक आहे, अपाय नाही" या भरवशावर घेतलेल्या काढ्यांबद्दलही जपून राहावं. 2021 साली मुंबईच्या यकृततज्ज्ञांनी गुळवेल घेतल्यानंतर यकृताला इजा झालेल्या सहा रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली आहे.

दिवाळीनंतर मी ती फाइल फळीवरून काढली आणि आम्ही दोघी जेवणाच्या टेबलाशी बसलो. यकृत कडक होतंय का याचा पहिला अंदाज साध्या रक्ततपासणीतून घरच्या घरी काढता येतो. त्याला फिब-फोर म्हणतात. वयाला एसजीओटीने गुणायचं, आणि प्लेटलेटचा हजारांतला आकडा गुणिले एसजीपीटीचं वर्गमूळ, याने भागायचं. ताईचं वय 54, एसजीओटी 48, एसजीपीटी 55, प्लेटलेट 2 लाख 10 हजार. मोबाइलवर तिनेच गणित केलं. 1.66. हा आकडा 1.3 च्या आत असला तर बहुधा चिंता नसते, 2.67 च्या वर गेला तर यकृताच्या डॉक्टरांना गाठावं, आणि मधला असेल तर फायब्रोस्कॅन, म्हणजे यकृताचा कडकपणा मोजणारी तपासणी, करून घ्यावी. एवढे सगळे आकडे इतके महिने त्या फाइलमध्येच होते. कुणी ते एका ओळीत मांडले नव्हते.

फायब्रोस्कॅनच्या खोलीत मी तिच्याबरोबर गेले. उताणं झोपायचं आणि उजवा हात डोक्याखाली घ्यायचा, म्हणजे बरगड्यांमधली फट उघडते. तंत्रज्ञ मुलीने "ताई, हात अजून वर घ्या" म्हटल्यावर ती क्षणभर थांबली. संक्रांतीपासून गणपतीपर्यंत याच हालचालीला ती भीत होती. मग तिने हात पूर्ण वर नेला. दोन बरगड्यांच्या मध्ये यंत्राचं टोक टेकलं, दहा-बारा वेळा टिचकी मारल्यासारखा आवाज झाला. आकडा आला 7.1 किलोपास्कल, 8 च्या आत. मुलीने तो कागदावर लिहिला, आणि ताईने पर्समधून डायरी काढून पुढच्या वर्षीच्या पानावर.